टीम हरतच चालली आहे, काय करू? बेसबॉलच्या चाहत्यांचे प्रश्न

ठाणे आणि नवी मुंबईत अमेरिकन बेसबॉल नेमाने बघणारी मंडळी आहेत. कुणी अमेरिकेच्या वेळेत काम करतं, कुणी तिकडे शिकून आलंय, कुणाची मुलं तिकडे स्थायिक आहेत. या वेळी आलेल्या बहुतेक पत्रांत एकच दुखणं आहे: आपली टीम लागोपाठ हरते आहे आणि तरी तिला सोडवत नाही. दुखणं खरं आहे, म्हणून उत्तरंही तपशिलात देत आहोत.

प्रश्न : मी शिकागो व्हाइट सॉक्सचा चाहता. २०२४ चा हंगाम पाहिल्यापासून टीम लागोपाठ चार-पाच मॅच हरली की पोटात गोळा येतो. हा नुसता वाईट काळ आहे की टीमच पोकळ आहे, हे घरबसल्या कसं ओळखायचं? (एक वाचक, ऐरोली)

तुम्ही धास्ती घेतलीत यात नवल नाही. २०२४ मध्ये १० जुलैपासून ५ ऑगस्टपर्यंत लागोपाठ २१ पराभव झाले आणि हंगाम ४१ विजय, १२१ पराभवांवर संपला. १९०० नंतरच्या मेजर लीगमध्ये (अमेरिकेतली सर्वोच्च बेसबॉल लीग) एका हंगामात एवढ्या मॅच कुणी हरलं नव्हतं. पण ते टोक झालं. दर वेळी त्याच मापाने मोजलंत तर कुठलीच टीम तुम्हाला सुखाने बघता येणार नाही.

आधी हिशोब बघू. हंगाम १६२ मॅचचा. जी टीम निम्म्या मॅच जिंकण्याच्या ताकदीची आहे, तिच्याही वाट्याला पाच किंवा जास्त सलग पराभवांची मालिका एका हंगामात सरासरी दोन-अडीच वेळा येते, तीही केवळ योगायोगाने. शंभरात चाळीस मॅच जिंकणाऱ्या टीमला सात किंवा जास्त पराभवांची मालिका हंगामात पावणेदोन वेळा अपेक्षित आहे. तिच्यावर सलग दहा पराभवांची पाळी यायची शक्यता हंगामाला साधारण ३० टक्के. म्हणजे पाच पराभवांवरून काहीच ठरत नाही, आणि दहांवरूनही टीम निकालात काढता येत नाही. २०१७ ची लॉस एंजेलिस डॉजर्स आठवा. ऑगस्टअखेरपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत तिने १७ पैकी १६ मॅच गमावल्या, त्यात ११ सलग. त्याच टीमने हंगामात १०४ मॅच जिंकल्या आणि ती वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, सातव्या मॅचपर्यंत गेली.

मग बघायचं काय? सगळ्यात आधी धावांचा फरक. हंगामात आतापर्यंत केलेल्या धावांचा वर्ग करा, दिलेल्या धावांचा वर्ग करा, आणि पहिल्या वर्गाला दोन्हींच्या बेरजेने भागा. येणारा आकडा म्हणजे टीमने जिंकायला हव्या होत्या अशा मॅचचं प्रमाण. ही बेसबॉलचे आकडेतज्ज्ञ बिल जेम्स यांची रीत, आणि कागदावर दोन मिनिटांत होते. २०२४ च्या व्हाइट सॉक्सने ५०७ धावा केल्या, ८१३ दिल्या. उत्तर येतं ०.२८०, म्हणजे १६२ पैकी ४५ विजय. प्रत्यक्षात ४१ झाले. चार मॅचपुरतं नशीब आडवं आलं, बाकी दुखणं मुळातलंच होतं. तुमच्या टीमचं गणित ७६ विजय सांगत असेल आणि ती ६५ च्या चालीने जात असेल, तर धीर धरायला आधार आहे.

त्यानंतर फलंदाजीचं नशीब तपासा. टीमच्या हिट्समधून (बॅटरला बेसवर पोचवणारे फटके) होमरन (थेट सीमेपार गेलेले फटके) वजा करा. मग ऍट-बॅट्समधून (बॅटरच्या मोजल्या जाणाऱ्या पाळ्या) स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) आणि होमरन वजा करून त्यात सॅक्रिफाइस फ्लाय (झेल गेला तरी धाव देणारे फटके) मिळवा. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा. मैदानात पडलेल्या चेंडूंपैकी किती हिट ठरले ते यातून कळतं आणि लीगमध्ये हे प्रमाण ०.३०० च्या अगदी आसपास असतं. समजा एका मॅचमध्ये ३२ ऍट-बॅट्स, ५ हिट, त्यात १ होमरन, ९ स्ट्राइकआउट. चार भागिले बावीस, म्हणजे ०.१८२. एका मॅचवरून काही म्हणू नका, पण नऊ-दहा मॅचची बेरीज ०.२४० च्या आत असेल तर चेंडू नेमके फील्डरच्या हातात जात आहेत आणि हे फार दिवस टिकत नाही. उलट हे प्रमाण ०.३०० असूनही टीम हरत असेल, स्ट्राइकआउट वाढलेले असतील आणि पिचर (चेंडू टाकणारे) वॉक (चार वाईट चेंडूंवर बॅटरला फुकट मिळणारा पहिला बेस) वाटत सुटले असतील, तर ते नशीब नव्हे. वॉक आणि स्ट्राइकआउटमध्ये फील्डरचा हात लागत नाही, म्हणून टीमचा खरा वकूब तिथे सगळ्यात आधी दिसतो.

प्रश्न : रोज वेगळा पिचर, रोज नवी मॅच. तरी एक हार दुसरीला ओढून आणते असं का वाटतं? हा भास आहे का? (एक वाचक, नौपाडा, ठाणे)

पूर्ण भास नाही. फलंदाजांच्या बाबतीत कालच्या हारीचा आज किती परिणाम होतो हे मोजणं अवघड आहे, पण पिचरच्या बाबतीत कालची मॅच आजच्या मॅचमध्ये शब्दशः शिल्लक असते.

टीमचे २६ खेळाडू, त्यांत पिचर जास्तीत जास्त १३. मॅच सुरू करणारे पाच स्टार्टर आळीपाळीने येतात, उरलेले आठ बुलपेनमध्ये, म्हणजे बदली पिचरच्या (रिलीव्हरच्या) ताफ्यात. मॅच जिंकायला २७ आउट लागतात. स्टार्टरने सहा इनिंग टाकल्या की १८ आउट झाले, उरलेले नऊ आउट तिघा रिलीव्हरमध्ये वाटले जातात, सगळं सुरळीत. आता सोमवारी स्टार्टर चौथ्या इनिंगमध्ये ८५ चेंडूंवर बाहेर पडला असं धरा. १६ ते १८ आउट बुलपेनकडून हवेत. चार जण वापरले गेले, त्यांतल्या एकाने दोन इनिंग टाकल्या. तो आता दोन दिवस तरी मिळणार नाही. मंगळवारी मॅच सातव्या इनिंगपर्यंत बरोबरीत आहे, पण सर्वात भरवशाचा रिलीव्हर शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस टाकून बसलाय. मॅनेजर त्याला हात लावत नाही. जो येतो तो खरं तर पाच धावांनी मागे असताना टाकायच्या कामाचा माणूस. मॅच जाते. बुधवारी मायनर लीगमधून (खालच्या दर्जाची लीग) ताजा हात बोलवायचा तर कुणाला तरी खाली पाठवावं लागतं, आणि खाली पाठवलेल्या पिचरला दुखापतीची बदली वगैरे अपवाद सोडले तर १५ दिवस परत आणता येत नाही. असं दोन आठवडे चाललं की बुलपेनमधले निम्मे चेहरे अनोळखी होतात.

एकतर्फी मॅचमध्ये कधीकधी इन्फिल्डर (बेसजवळचा फील्डर) पिचिंगला आलेला दिसतो. ते हात वाचवण्यासाठीच असतं. २०२३ पासून त्यालाही बंधन आहे: टीम आठ किंवा जास्त धावांनी मागे असेल, नवव्या इनिंगमध्ये दहा किंवा जास्त धावांनी पुढे असेल, किंवा मॅच जादा इनिंगमध्ये गेली असेल तरच. त्या दिवशी वैतागू नका. दुसऱ्या दिवशी बुलपेनमध्ये किती जण ताजे राहिले ते बघा.

म्हणूनच मालिका तुटायची चिन्हं निकालाच्या आधी स्टार्टरमध्ये दिसतात. लागोपाठ दोन स्टार्टरनी सहा-सहा इनिंग टाकल्या आणि तरी टीम १-२, २-३ अशी हरली, तर त्या दोन हारी आम्ही चांगल्या खात्यात धरू.

प्रश्न : मॅनेजरला काढलं की मालिका तुटते का? (एक वाचक, घणसोली)

क्वचित. १९८८ मध्ये बाल्टिमोर ओरिओल्सने पहिल्या सहा मॅच हरताच कॅल रिपकेन सीनियर यांना काढलं आणि फ्रँक रॉबिन्सन यांना आणलं. त्यानंतर आणखी १५ हारी झाल्या. ०-२१ (विजय-पराभव) ही हंगामाची सुरुवात आजही विक्रम आहे. व्हाइट सॉक्सने २०२४ मध्ये मालिका तुटल्यानंतर दोन दिवसांनी पेड्रो ग्रिफोल यांना काढलं. त्यांच्या हाताखाली टीम २८-८९ होती, नंतर १३-३२. थोडी बरी, पण टीम तीच.

उलट उदाहरण फिलाडेल्फिया फिलीजचं. १९६१ मध्ये सलग २३ पराभव, १९०० नंतरची सगळ्यात लांब मालिका. मॅनेजर जीन मॉक यांना त्यांनी ठेवलं. त्या वर्षी ४७ विजय होते, पुढे ८१, ८७ आणि १९६४ मध्ये ९२. त्याच १९६४ मध्ये १२ मॅच शिल्लक असताना साडेसहा मॅचची आघाडी हातात होती, मग लागोपाठ दहा हारल्या आणि पेनंट (लीगचं विजेतेपद) गेलं, हेही सांगायला हवं.

प्रश्न : आमची टीम कधी पहाटे खेळते, कधी सकाळी, कधी मध्यरात्री. वेळ कशी लक्षात ठेवावी? (एक वाचक, कोपरखैरणे)

टीमचं शहर कोणत्या पट्ट्यात आहे ते धरा. पूर्व किनाऱ्यावरची संध्याकाळी ७.०५ ची मॅच आपल्याकडे पहाटे ४.३५ ला सुरू होते. शिकागोतली ६.४० ची मॅच पहाटे ५.१० ला, डेन्व्हरमधली ६.४० ची सकाळी ६.१० ला आणि पश्चिम किनाऱ्यावरची ७.१० ची सकाळी ७.४० ला. नियमित हंगाम मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर असतो आणि तेवढ्या काळात त्यांची घड्याळं बदलत नाहीत, त्यामुळे एकदा पाठ केलं की सहा महिने पुरतं. त्यांचा शुक्रवार-शनिवारचा रात्रीचा खेळ आपल्याला शनिवार-रविवारी सकाळी मिळतो. नोकरदारांनी पूर्ण मॅच बघायची तर हेच दोन दिवस राखावेत. त्यांच्या रविवार दुपारच्या मॅच आपल्याकडे रात्री अकराच्या सुमारास सुरू होतात. सोमवारी सकाळची लोकल गाठायची असेल तर त्यांच्या नादी लागू नका.

पिच क्लॉक (चेंडू टाकायला ठरावीक वेळ देणारं घड्याळ) आल्यापासून नऊ इनिंगची मॅच सरासरी अडीच तासांच्या थोडी वर जाते. २०२४ ची सरासरी २ तास ३६ मिनिटं होती, तीच २०२१ मध्ये ३ तास १० मिनिटं. पश्चिम किनाऱ्याच्या मॅच ऑफिसच्या वाटेत येतात. त्यासाठी लीगच्या ऍपवरचं फक्त ऑडिओचं सबस्क्रिप्शन घ्या, व्हिडिओपेक्षा स्वस्त पडतं आणि गाडीत उभं राहून स्क्रीनकडे बघत बसावं लागत नाही.

प्रश्न : माझे मिस्टर पहाटे पाचला उठून मॅच बघतात. टीम हरली की नाश्त्याला गप्प, संध्याकाळी मुलांवर चिडचिड. गेले दोन आठवडे हेच चाललंय. सासूबाईंना वाटतं नोकरीत काही झालंय. मी काय करू? (एक वाचक, खारघर)

ताई, यातलं अर्धं दुखणं हारीचं आणि अर्धं झोपेचं आहे. बाराला झोपून पाचला उठणारा माणूस टीम जिंकली तरी संध्याकाळी चिडेलच. म्हणून पहिली अट झोपेची घाला: पहाटेची मॅच बघायची तर दहाला दिवा बंद. ते जमणार नसेल त्या दिवशी मॅच नाही. लीगच्या ऍपवर प्रत्येक मॅचची दहा-एक मिनिटांची कापलेली आवृत्ती येते, ती संध्याकाळी बघता येते. मात्र तोवर स्कोअर कळू द्यायचा नसेल तर सेटिंगमध्ये जाऊन स्कोअर लपवायला आणि नोटिफिकेशन बंद करायला विसरू नका, नाहीतर फोन हातात घेताच सगळं संपतं.

दुसरी गोष्ट मिस्टरांसाठी. मालिका चालू असताना आठवड्यात तीन मॅच बघायच्या, आणि त्या आधी ठरवायच्या. कोणता स्टार्टर टाकणार ते एक-दोन दिवस आधी जाहीर होतं. आपल्या दोन चांगल्या स्टार्टरचे दिवस निवडा, तिसरी रविवार सकाळची. पहाटे ५.१० ची मॅच असेल तर साडेसहापर्यंत साधारण पाच इनिंग होतात. तेव्हा टीम पाच-सहा धावांनी मागे असेल तर टीव्ही बंद करून मुलांच्या डब्याला लागावं. त्यात टीमशी बेईमानी काही नाही.

तुम्ही "त्यात काय एवढं, खेळच आहे" असं म्हणू नका. त्याने माणूस आणखी मिटतो. "आज पिचर किती टिकला?" एवढं विचारून बघा, बोलायला विषय मिळतो आणि दोन मिनिटांत वाफ निघून जाते. सासूबाईंनाही खरं कारण सांगून टाका, त्यांचा घोर कमी होईल. मॅच नसलेल्या दिवशीही झोप लागत नसेल, जेवण कमी झालं असेल आणि हे दोन आठवड्यांच्या वर टिकलं असेल, तर मात्र बेसबॉलला बोल न लावता डॉक्टरांना दाखवा. टेलिमानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : सगळ्यात जास्त हरलं की ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत) पहिला खेळाडू मिळतो म्हणतात. मग हंगाम गेलाच आहे तर हरूच दे, असं चाहत्याने मनात आणावं का? (एक वाचक, वाशी)

मनात येणं समजू शकतो, पण हिशोबही तुमच्या बाजूने नाही. २०२३ च्या ड्राफ्टपासून पहिले सहा क्रमांक लॉटरीने ठरतात. सर्वात खालच्या तिन्ही टीमना पहिल्या क्रमांकाची शक्यता सारखीच, प्रत्येकी १६.५ टक्के. म्हणजे १०५ ऐवजी १२० हारी पत्करून हातात काही पडत नाही. शिवाय लीगच्या महसूल-वाटपात पैसे घेणाऱ्या टीमना लागोपाठ तीन वर्षं लॉटरीतला क्रमांक मिळत नाही, आणि न घेणाऱ्यांना दोन वर्षंही नाही. व्हाइट सॉक्स १२१ मॅच हरूनही २०२५ च्या ड्राफ्टमध्ये दहाव्या क्रमांकावर गेले, ते याच नियमाने.

क्रमांक मिळाला तरी पुढचा रस्ता लांब आहे. निवडलेला मुलगा मायनर लीगमधून वर यायला साधारण दोन ते चार वर्षं घेतो, आणि कित्येक येतच नाहीत. पिट्सबर्ग पायरेट्सने २००२ मध्ये पहिल्या क्रमांकावर ब्रायन बुलिंग्टन हा पिचर घेतला. मेजर लीगमध्ये त्याच्या नावावर एकच विजय लागला. हीच पायरेट्स १९९३ ते २०१२ अशी लागोपाठ वीस वर्षं जिंकल्यापेक्षा जास्त मॅच हरली. आपले भारतीय पिचर रिंकू सिंग (क्रिकेटपटू नव्हे) आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये करारबद्ध केलं ते याच टीमने, त्या वीस वर्षांच्या काळातच. २०१३ मध्ये ९४ विजय मिळवून टीम बाहेर आली.

जाणूनबुजून तळ गाठून वर आलेल्या म्हणून ह्यूस्टन ऍस्ट्रोजचं नाव घेतात. २०११ ते २०१३ या तीन वर्षांत १०६, १०७, १११ हारी आणि २०१७ मध्ये विजेतेपद. पण त्या विजेतेपदाला प्रतिस्पर्धी कॅचरचे इशारे चोरल्याचा डाग आहे. बाल्टिमोर २०२१ मध्ये सलग १९ आणि एकूण ११० हरली, २०२३ मध्ये १०१ जिंकली, २०२५ मध्ये पुन्हा ७५-८७. एकूण बघता आमचं मत स्पष्ट आहे: चाहत्याने हार मागू नये. हंगाम गेलेला असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये वर आणलेल्या तरुण खेळाडूंवर लक्ष ठेवावं आणि जुलैअखेरच्या ट्रेडमध्ये टीमने कोणाच्या बदल्यात काय घेतलं ते नीट वाचावं. पुढच्या टीमचा पाया बहुतेक वेळा तिथेच पडतो. व्हाइट सॉक्सने डिसेंबर २०२४ मध्ये गॅरेट क्रोशे हा आपला सर्वोत्तम पिचर बॉस्टनला देऊन चार तरुण घेतले. त्यांतला कॅचर काइल टील आणि इन्फिल्डर चेस मिड्रॉथ पुढच्याच हंगामात मेजर लीगमध्ये खेळत होते.

प्रश्न : हरणारी मॅच बघताना मन लागत नाही. स्कोअरबुक भरायला घ्या असं वाचलं. कसं भरतात? (एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे)

जरूर घ्या. हरत्या टीमच्या चाहत्याला याच्याइतकं उपयोगी काही नाही, कारण हात चालू राहतो आणि निकालापलीकडचं दिसायला लागतं.

ए-फोर कागद आडवा धरा. डावीकडे खेळाडूंची नावं, नऊ ओळी. प्रत्येक ओळीत नावाखाली एक मोकळी रेघ ठेवा, बदली खेळाडूसाठी. त्यापुढे इनिंगचे १२ रकाने, नऊ नियमित आणि तीन जादा इनिंगसाठी. प्रत्येक चौकटीत लहानसा चौकोन कोनावर उभा काढा: खालचा कोपरा होम, उजवा पहिला बेस, वरचा दुसरा, डावा तिसरा. दोन टीमचे दोन कागद. पेन नको, एचबी पेन्सिल आणि खोडरबर.

फील्डरचे क्रमांक पाठ करा: पिचर १, कॅचर २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप ६, डावं फील्ड ७, मधलं ८, उजवं ९. नवशिके शॉर्टस्टॉपला ५ लिहून बसतात. तिसऱ्या बेसचा ५ आणि शॉर्टस्टॉपचा ६ एवढं पक्कं केलं की निम्म्या चुका टळतात. स्ट्राइकआउटला इंग्रजी के (K), आणि बॅटर बॅट न फिरवता तिसऱ्या स्ट्राइकवर उभाच राहिला तर उलटा के. वॉकला बीबी, एररला ई आणि फील्डरचा क्रमांक.

एक इनिंग भरून बघू. पहिला बॅटर वॉकवर गेला: त्याच्या चौकटीत बीबी लिहा, होमपासून पहिल्या बेसपर्यंत रेघ गडद करा. दुसऱ्याने शॉर्टस्टॉपकडे जमिनीवरून चेंडू मारला आणि डबल प्ले (एकाच चेंडूवर दोन आउट) झाला. पहिल्या बॅटरच्या चौकटीत दुसऱ्या बेसकडे अर्धी रेघ ओढून तिच्यावर आडवा छेद द्या, बाजूला ६-४ आणि गोलात १, म्हणजे पहिला आउट. दुसऱ्याच्या चौकटीत ६-४-३ आणि गोलात २. तिसरा बॅटर बघत राहून बाद: उलटा के, गोलात ३. त्याच्या चौकटीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात तिरकी रेघ, इनिंग संपली. धाव झाली की पूर्ण चौकोन भरून काळा करायचा.

गडबड दोन ठिकाणी होते. एकाच इनिंगमध्ये दहावा बॅटर आला की त्याच रकान्यात जागा उरत नाही. सरळ पुढचा रकाना वापरा, वरचा इनिंगचा आकडा खोडून बदला आणि पुढचे सगळे आकडे एकाने सरकवा. दुसरी गडबड दहाव्या इनिंगपासून: २०२० पासून नियमित हंगामात जादा इनिंग दुसऱ्या बेसवर धावक ठेवूनच सुरू होते. हा धावक म्हणजे मागच्या इनिंगमध्ये शेवटी बॅटिंग केलेला खेळाडू, किंवा त्याच्या जागी आलेला बदली. त्याच्या चौकटीत दुसऱ्या बेसपासून तुटक रेघ काढा, नाहीतर तो तिथे कसा पोचला हे आठवड्याने तुम्हालाच कळणार नाही.

प्रत्येक इनिंगखाली पिचरने टाकलेले चेंडू लिहा. पंधरा-सोळा ठीक, पंचवीसच्या वर गेले की स्टार्टर पाचव्यापलीकडे टिकणं कठीण. वहीच्या शेवटच्या पानावर दर मॅचची एकच ओळ ठेवा: स्टार्टर कितव्या इनिंगला गेला, वॉक किती दिले, किती मिळवले, बेसवर किती जण अडकून राहिले, धावांचा फरक. दहा ओळी झाल्या की पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातलं गणित तुमच्याच वहीतून मांडता येईल.

प्रश्न : मी मॅच लावली की टीम हरते. घरचे म्हणतात, तू बघूच नकोस. (एक वाचक, नेरूळ)

वर्ल्ड कपच्या वेळी एकाच खुर्चीतून न हलणारी माणसं प्रत्येक घरात आहेत, तेव्हा तुम्हाला एकट्याला दोष नको. वहीत बघितलेल्या आणि न बघितलेल्या मॅचचा निकाल वेगवेगळा लिहा. चाळीस मॅचनंतर दोन्ही रकाने जवळपास सारखे दिसतील. जपानमध्ये १९८५ चं विजेतेपद साजरं करताना हान्शिन टायगर्सच्या चाहत्यांनी ओसाकाच्या दोतोनबोरी कालव्यात केएफसीच्या कर्नल सँडर्सचा पुतळा फेकला, आणि पुढच्या अपयशाला त्याचा शाप म्हटलं गेलं. पुतळा २००९ मध्ये सापडला. जपान सिरीज जिंकायला टीमला त्यानंतरही २०२३ उजाडावं लागलं.

प्रश्न : अकरा वर्षांच्या मुलाला माझ्यामुळे बेसबॉलची गोडी लागली. आता शाळेत कुणी तरी चिडवतं, म्हणून तो टीम बदलायची म्हणतोय. बदलू द्यावी का? (एक वाचक, सीबीडी बेलापूर)

बदलू द्या. तुमचं शहर, तुमची आठवण त्या टीमशी बांधलेली आहे, त्याची नाही. जबरदस्तीने ठेवलेली टीम पुढच्या वर्षी खेळासकट सुटते. फक्त एक हंगाम पुरा झाल्यावर बदल कर, एवढी अट घाला. त्याला १९८८ च्या बाल्टिमोरची हकिगत सांगा: १ विजय आणि २३ हारी घेऊन टीम २ मे रोजी घरच्या मैदानावर परतली, तेव्हा स्टेडियममध्ये ५० हजारांहून जास्त लोक आले होते. पुढच्या वर्षी त्याच टीमने ८७ मॅच जिंकल्या आणि शेवटच्या आठवड्याच्या अखेरीपर्यंत पहिल्या जागेसाठी झुंज दिली.

शिवाय पहाट हा अकरा वर्षांच्या मुलाचा वेळ नव्हे. शाळा सकाळची असेल तर त्याला दुपारची टीम निवडू द्या. जपानमधल्या संध्याकाळी सहाच्या मॅच आपल्याकडे अडीचला लागतात, कोरियातल्या साडेसहाच्या तीनला. तिथेही हारणाऱ्यांची सोबत आहे: चिबा लोट्टे मरीन्स १९९८ मध्ये सलग १८ हरली, कोरियाची हानव्हा ईगल्स २०२० मध्ये सलग १८ हरली आणि २०२५ मध्ये कोरियन सिरीज खेळली. रविवारी सकाळी तुमच्या टीमची मॅच दोघांनी मिळून बघा. तुमच्या टीमचा कागद तुम्ही भरा, समोरच्या टीमचा त्याला द्या.